निव्वळ नफा ४२ कोटी, पण कामकाजातून आलेली रोख फक्त ६ कोटी: बाकीचे पैसे कुठे अडकले?

ताळेबंद_वाचक (प्रश्न)

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या, शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपनीचा २०२४-२५ चा वार्षिक अहवाल वाचतो आहे. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण शेअर घ्यावा की नको हे विचारायचं नाही. रोख प्रवाह पत्रक ओळीओळीने समजून घ्यायचं आहे. आकडे कोटी रुपयांत, पूर्णांकात केले आहेत.

विक्री गेल्या वर्षी ४००, यंदा ४८०. पत्रकाचा पहिला भाग असा:

करपूर्व नफा ५६
घसारा +१८
वित्तीय खर्च +११
व्याजाचं उत्पन्न −३
यंत्रविक्रीवरचा नफा −२
बुडीत येण्यांची तरतूद +२
परकीय चलनातला हाती न आलेला नफा −१
खेळत्या भांडवलातल्या बदलांआधी: ८१
व्यापारी येणी −४६
साठा −२२
इतर चालू मालमत्ता −९
व्यापारी देणी +१४
इतर चालू देणी आणि तरतुदी +४
कामकाजातून निर्माण झालेली रोख: २२
भरलेला आयकर −१६
कामकाजातून निव्वळ रोख: ६

पुढच्या दोन भागांत: नवीन यंत्रं आणि इमारत −२५, जुनी यंत्रं विकून +४, व्याज मिळालं +३. दीर्घ मुदतीचं कर्ज निव्वळ +१२, अल्प मुदतीचं +२२, व्याज भरलं −१०, भाडेपट्ट्याचे हप्ते −४, लाभांश −६. वर्षअखेर रोख ५ वरून ७.

तीन गोष्टी अडतात. व्याज तर खरंच भरावं लागतं, मग ११ कोटी परत का मिळवले? दुसरं, ताळेबंदात व्यापारी येणी ९२ वरून १३७ झाली आहेत, म्हणजे फरक ४५. पत्रकात ४६ कसे? आणि तिसरं, विक्री २० टक्के वाढली की येणी वाढणारच, मग यात काळजी करण्यासारखं काही आहे का?

खतावणी

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो एकदा नीट सुटला की पत्रक कसं बनतं ते आपोआप कळतं.

ताळेबंदातली येणी निव्वळ असतात, म्हणजे बुडीत तरतूद वजा करून दाखवलेली. यंदा २ कोटींची नवी तरतूद झाली. तिने येणी २ ने कमी दिसली, पण ग्राहकाकडून एक पैसाही आला नाही. म्हणून ४५ मध्ये २ मिळवायचे: ४७. परदेशी ग्राहकांकडची येणी ३१ मार्चच्या दराने पुन्हा मांडताना १ कोटी वाढली. तोही पैसा कुणाकडे अडकलेला नाही, नुसता दराचा फरक आहे. तो वजा केला की ४६. म्हणूनच वर तरतुदीचे +२ आणि चलनाचे −१ वेगळ्या ओळींत दिसतात. या दोन दुरुस्त्या वर केल्या नसत्या, तर येण्यांच्या ओळीत ४५ च आले असते आणि शेवटचा आकडा ६ च राहिला असता.

हा मेळ स्वतः घालून बघायची सवय लावा: येणी, साठा, देणी, तिन्हींचा. बसला नाही तर कारण ताळेबंदाला जोडलेल्या टिपांमध्ये सापडतं. एखादी उपकंपनी विकत घेतलेली असते (तिची येणी एकत्रित ताळेबंदात येतात, पण खेळत्या भांडवलातल्या बदलात धरत नाहीत), एखादी रक्कम दीर्घ मुदतीच्या मालमत्तेत हलवलेली असते, नाहीतर बुडीत येणी निर्लेखित केलेली (खात्यातून काढून टाकलेली) असतात. मोठा फरक आणि टिपांत अवाक्षर नाही, असं असेल तर तिथे थांबायला हवं.

आता तिसरा प्रश्न. गेल्या वर्षी येणी ९२, विक्री ४००: म्हणजे ९२ ÷ ४०० × ३६५ = ८४ दिवसांच्या विक्रीचे पैसे यायचे होते. यंदा १३७ ÷ ४८० × ३६५ = १०४ दिवस. वसुलीचा वेग गेल्या वर्षीइतकाच राहिला असता तर २० टक्के वाढीने येणी ११० च्या आसपास गेली असती. ती आहेत १३७. म्हणजे ४५ पैकी साधारण १८ कोटी वाढीमुळे आणि २७ कोटी कशामुळे, हा खरा प्रश्न आहे.

या दिवसांबद्दल एक सूचना. येण्यांत जीएसटी धरलेला असतो, विक्रीच्या आकड्यात नसतो. त्या वर्षी बऱ्याच सुट्या भागांवर २८ टक्के जीएसटी होता. सगळी विक्री देशांतर्गत आणि त्याच दराची धरली तर १०४ दिवस प्रत्यक्षात ८१ होतात आणि ८४ चे ६६. वर्षावर्षाची तुलना तशीच राहते. पण कंपनी सांगते "आम्ही ६० दिवसांची उधारी देतो" आणि तुमचं गणित १०४ म्हणतं, तेव्हा त्यातला बराचसा फरक कराचा असतो. निर्यातीवर कर नसल्यामुळे निर्यातदार कंपनी आणि देशांतर्गत विकणारी कंपनी यांचे दिवस थेट शेजारी ठेवू नयेत.

२७ कोटींची दोन मुख्य कारणं संभवतात. एक, ग्राहक उशिरा पैसे देत आहेत. दोन, विक्रीच मार्च तिमाहीत गोळा झाली आहे, त्यामुळे ३१ मार्चला बिलं ताजी आहेत. दोन्हींचा अर्थ फार वेगळा. वार्षिक विक्रीने भागून हे कळत नाही, शेवटच्या तिमाहीच्या विक्रीने भागावं लागतं.

तर तीन आकडे इथे टाका: दोन्ही वर्षांच्या मार्च तिमाहीची विक्री, त्यापुढच्या जून तिमाहीची विक्री, आणि व्यापारी येण्यांच्या टिपेतला वयोगटांचा तक्ता. कंपनी कायद्याच्या अनुसूची तीनमध्ये २०२१ साली बदल झाल्यापासून तो तक्ता द्यावाच लागतो: सहा महिन्यांच्या आतली, सहा महिने ते एक वर्ष, एक ते दोन, दोन ते तीन, तीन वर्षांवरची. हे वय पैसे देण्याच्या ठरलेल्या तारखेपासून मोजतात, बिलाच्या तारखेपासून नाही. त्यामुळे ६० दिवसांची उधारी असेल तर "सहा महिन्यांवर" म्हणजे बिलापासून आठ महिने. साठ्याची फोडही द्या: कच्चा माल, अर्धवट तयार, तयार.

ताळेबंद_वाचक

आभार. येण्यांचा मेळ आता हाताने करून बघितला, बसला.

मार्च तिमाही २०२४: १०४. जून तिमाही २०२४: १०५, सप्टेंबर ११०, डिसेंबर ११५. मार्च तिमाही २०२५: १५०. जून तिमाही २०२५: १०४.

सहा महिन्यांवरची येणी ४ वरून ११ झाली आहेत. तरतुदीची एकूण शिल्लक १ वरून ३.

साठा: कच्चा माल ४० वरून ४७, अर्धवट तयार १६ वरून १८, तयार माल १४ वरून २७.

खतावणी

मग चित्र बरंच स्पष्ट होतं.

तिमाहीच्या विक्रीने भागा: गेल्या वर्षी ९२ ÷ १०४ × ९० = ८० दिवस, यंदा १३७ ÷ १५० × ९० = ८२ दिवस. म्हणजे एकंदर वसुलीचा वेग फारसा बिघडलेला नाही. येणी फुगली ती मार्च तिमाहीत विक्री एकदम १५० वर गेली म्हणून. आणि लगेच पुढच्या तिमाहीत विक्री १०४ वर आली. गेल्या वर्षी मार्चनंतर अशी घसरण नव्हती, १०४ नंतर १०५ होते. तेव्हा हंगाम हे कारण देता येत नाही.

वाहन भागांच्या धंद्यात याचं एक रास्त कारण असतं: साचे आणि डाय. वाहन कंपनीसाठी नवीन भागाचे साचे बनवून ते तिलाच विकले जातात आणि त्याचं बिल एकरकमी, मॉडेल मंजूर झालं की लागतं. महसुलाच्या टिपेत "साच्यांची विक्री" किंवा तशी वेगळी ओळ शोधा. तिथे ३०-४० कोटी दिसले, तर मार्चची उडी समजण्यासारखी आहे आणि ते पैसे सहसा दोन-तीन तिमाहींत येतात. ती ओळ नसेल, तर वितरकांकडे माल वर्षअखेरीस ढकलला असण्याची शक्यता धरावी लागते. वाहन कंपन्यांना थेट पुरवठा करणाऱ्याला हे करणं कठीण, कारण ते रोजच्या गरजेपुरताच माल घेतात. बदली भागांच्या (दुरुस्तीसाठी वितरकांमार्फत विकल्या जाणाऱ्या भागांच्या) बाजारात ते सोपं आहे. म्हणून विक्रीतला बदली भागांचा वाटा बघा.

तयार माल जवळजवळ दुप्पट झाला आहे, हे मला येण्यांपेक्षाही जास्त खटकतं. विक्री खरोखर जोरात असती तर गोदाम रिकामं व्हायला हवं होतं. आणि याचा परिणाम नफ्यावरही होतो. कारखान्याचा स्थिर खर्च, म्हणजे पर्यवेक्षकांचे पगार, कारखान्याचा घसारा, विजेचा स्थिर आकार, हा तयार मालाच्या किमतीत वाटला जातो. माल न विकता साठ्यात राहिला की तो खर्चही नफा-तोटा पत्रकात न येता साठ्यात राहतो. नफा-तोटा पत्रकातली "तयार व अर्धवट मालाच्या साठ्यातील बदल" ही ओळ बघा, तिथे १५ कोटी दिसतील: तयार मालाचे १३ आणि अर्धवटचे २. त्या १५ कोटींत स्थिर खर्चाचा वाटा किती ते बाहेरून कळत नाही, पण ४२ कोटींच्या नफ्यातला काही भाग गोदामात पडून आहे हे नक्की.

सहा महिन्यांवरच्या ११ कोटींपुढे ३ कोटींची तरतूद तोकडी वाटते. ११ मध्ये कुणाची किती हे अहवालात नसतं. पुढच्या वर्षी तक्त्यात हीच रक्कम "एक ते दोन वर्षे" या रकान्यात सरकते का, ते बघणं हाच उपाय.

अनुसूची_तीन

व्याजाच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. आपल्याकडे इंड-एएस ७ (रोख प्रवाह पत्रकाचं भारतीय लेखा मानक) प्रमाणे, बँका आणि वित्तसंस्था सोडून इतर कंपन्यांनी भरलेलं व्याज वित्तपुरवठ्याच्या भागात दाखवायचं आणि मिळालेलं व्याज व लाभांश गुंतवणुकीच्या भागात. म्हणून वर ११ परत मिळवले आणि खाली १० भरलेले दाखवले. मधला १ कोटी कुठे गेला? भाडेपट्ट्यावरचं व्याज ते, आणि ते हप्त्यांच्या ४ कोटींत आलं आहे.

हा नियम माहीत नसला की दोन चुका होतात.

पहिली, अमेरिकी कंपनीशी तुलना. तिथल्या नियमांत भरलेलं व्याज कामकाजाच्या भागातच येतं. याच कंपनीचं पत्रक त्या पद्धतीने मांडलं तर ६ चे थेट शून्याखाली जातात.

दुसरी चूक जास्त पसरलेली आहे: "कामकाजाची रोख भागिले निव्वळ नफा, एकच्या वर असेल तर कंपनी चांगली". पण निव्वळ नफा हा घसारा आणि व्याज दोन्ही वजा केल्यानंतरचा आकडा आहे आणि कामकाजाची रोख या दोन्हींच्या आधीची. या कंपनीत ४२ + १८ + ११ = ७१. खेळतं भांडवल अजिबात वाढलं नसतं तर रोख साधारण या घरात असायला हवी होती. उद्या ती ४२ आली, गुणोत्तर बरोबर एक, तरी २९ कोटी कुठेतरी अडकलेलेच असतील. यंत्रं जास्त आणि कर्ज जास्त असलेल्या कंपनीला एक हा आकडा फारच सोपा आहे. मी कराआधीची रोख (इथे २२) घेतो आणि तिची तुलना घसारा, व्याज, कर यांच्या आधीच्या नफ्याशी, इतर उत्पन्न वगळून करतो. तो इथे ७९ निघतो: ५६ + १८ + ११, वजा ३, २ आणि १. म्हणजे २८ टक्के. एका वर्षाचं गुणोत्तर फसवं असतं, म्हणून पाच वर्षांच्या बेरजा घ्या, वर आणि खाली दोन्ही. पाच वर्षांत मिळून जी कंपनी ६० टक्केही रोख करत नाही, तिची वाढ बँकेच्या पैशावर चालली आहे असं माझं मत.

भाडेपट्ट्याची गोष्ट वेगळी सांगायला हवी. १ एप्रिल २०१९ पासून इंड-एएस ११६ हे भाडेपट्ट्यांचं मानक लागू झालं. त्याआधी दुकानाचं, गोदामाचं भाडं कामकाजाच्या खर्चात जायचं. आता दीर्घ मुदतीच्या भाड्याचा मोठा भाग "भाडेपट्ट्याच्या देण्यांची परतफेड" म्हणून वित्तपुरवठ्यात जातो. किरकोळ विक्रीच्या साखळ्या, चित्रपटगृहं, विमान कंपन्या यांची कामकाजाची रोख २०१९-२० मध्ये एकदम सुधारलेली दिसते ती यामुळे. खिशातून जाणारे पैसे तेवढेच आहेत. दहा वर्षांचा आलेख काढणाऱ्याने त्या वर्षी खूण करून ठेवावी.

तेव्हा तुमच्या कंपनीसाठी खरा आकडा असा: ६, वजा व्याज १०, वजा भाडेपट्टा ४, म्हणजे −८. त्यानंतर २५ कोटींची यंत्रं आणि इमारत, आणि ६ कोटींचा लाभांश. हे मुख्यतः भागवलं ३४ कोटींच्या नव्या कर्जाने. त्यातले २२ अल्प मुदतीचे आहेत, याकडे लक्ष द्या. येणी आणि साठा अल्प मुदतीच्या कर्जावर चालणं ठीक, पण २२ कोटींनी तेवढंच भागतं आहे का, की यंत्रंही त्यातूनच घेतली गेली, ते कर्जाच्या टिपेवरून तपासा.

देण्यांच्या +१४ कडे अजून कुणी बघितलं नाही. देणी वाढली की रोख सुधारते, पण ती कुणाची देणी आहेत? व्यापारी देण्यांच्या टिपेत सूक्ष्म आणि लघुउद्योगांची रक्कम वेगळी दाखवतात. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत त्यांचे पैसे द्यायचे, असा एमएसएमई कायदा सांगतो, आणि २०२३-२४ पासून आयकर कायद्याच्या कलम ४३बी(एच) मुळे मुदतीबाहेर थकवलेल्या रकमेची वजावट प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच मिळते. लघुउद्योगांना थकवून रोख दाखवणं म्हणूनच आता महाग पडतं. दुसरी ओळ शोधायची ती "एक्सेप्टन्सेस". यात पुरवठादाराला बँक लगेच पैसे देते आणि कंपनी बँकेला ९०, कधी १८० दिवसांनी देते. अर्थाने हे कर्ज आहे, पण ते देण्यांत बसलेलं असलं की कामकाजाची रोख तेवढी चांगली दिसते. १४ पैकी एक्सेप्टन्सेसची वाढ १० असेल, तर माझ्या हिशेबात कामकाजाची रोख ६ नसून −४.

उलट बाजूलाही हाच खेळ होतो. येणी बँकेकडे वटवली आणि ग्राहकाने बुडवल्यास कंपनीवर जबाबदारी राहणार असेल, तर येणी ताळेबंदातच राहतात आणि आलेले पैसे कर्ज म्हणून दिसतात. जबाबदारी राहणार नसेल, तर येणी ताळेबंदातून जातात आणि पैसे कामकाजाच्या रोखीत येतात. दुसरा प्रकार गैर नाही, ट्रेड्स या बिलं वटवण्याच्या ऑनलाइन मंचावर लघुउद्योग हेच करतात. पण ज्या वर्षी कंपनी हे पहिल्यांदा सुरू करते त्या वर्षीची उसळी एकदाच मिळते. पुढच्या वर्षी तेवढीच बिलं वटवली तरी वाढ शून्य.

गाळप_हंगाम

वरचं सगळं कारखान्याच्या सरळ चालणाऱ्या वर्षाबद्दल आहे. हाच प्रश्न साखर कारखान्यांबाबत वारंवार येतो आणि तिथे ३१ मार्च ही तारीखच दिशाभूल करते, म्हणून थोडं लिहितो.

महाराष्ट्रात गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतं. ऊस पाच-सहा महिन्यांत येतो, साखर बारा महिने विकली जाते. त्यातही केंद्र सरकार महिन्याचा विक्री कोटा ठरवून देतं, तेव्हा माल असूनही मनात आलं म्हणून विकता येत नाही. परिणामी ३१ मार्चला गोदामं भरलेली असतात. त्या दिवशीचं पत्रक साठ्याच्या ओळीत मोठी वजाबाकी दाखवू शकतं आणि त्यात चिंतेचं काही नसतं, जर तो साठा गेल्या ३१ मार्चपेक्षा गाळपाच्या प्रमाणातच वाढला असेल. क्विंटलमधला साठा संचालकांच्या अहवालात बहुधा असतो. रुपयांपेक्षा तो आधी बघा.

शेअर बाजारात असलेल्या साखर कंपन्यांना २०१९ पासून सहामाही रोख प्रवाह पत्रकही द्यावं लागतं. ३० सप्टेंबरचं पत्रक नेमकं उलटं दिसतं: साठा विकला गेलेला, नवीन ऊस आलेला नाही, रोख भरपूर. हे पाहून "कंपनी सुधारली" म्हणणारे दरवर्षी भेटतात. सप्टेंबरची तुलना फक्त मागच्या सप्टेंबरशी करा.

आता देण्यांची बाजू, जी साखरेत सगळ्यात महत्त्वाची. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस तुटून कारखान्यात आल्यापासून १४ दिवसांत एफआरपीचे (सरकारने ठरवलेल्या किमान ऊसदराचे) पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याजासह. ज्या वर्षी कारखाना एफआरपी थकवतो त्या वर्षी त्याची कामकाजाची रोख छान दिसते, कारण शेतकऱ्याचे पैसे "व्यापारी देणी +" या ओळीत येऊन बसतात. हे पैसे कारखान्याने कमावलेले नाहीत. पुण्याचं साखर आयुक्तालय थकबाकीदार कारखान्यांवर महसुली वसुली प्रमाणपत्राची कारवाई करतं. तशी कारवाई झाली असेल आणि पत्रकात रोख वाढलेली असेल, तर दोन्ही शेजारी ठेवून वाचा. टिपांत ऊस उत्पादकांची देणी वेगळी दिली नसतील तर मार्चमधल्या गाळपाच्या टनांना दराने गुणून १४ दिवसांची रक्कम काढता येते. देणी त्याच्या कितीतरी पट असतील तर अर्थ सरळ आहे.

आणि मालतारण कर्ज. बँक साखरेच्या पोत्यांवर उचल देते, ती अल्प मुदतीच्या कर्जात दिसते. साठा आणि मालतारण कर्ज बरोबरीने वर-खाली झाले तर ठीक. साठा उतरला आणि मालतारण उतरलं नाही, तर विकलेल्या साखरेचे पैसे दुसरीकडे गेले आहेत.

लेखापरीक्षण_कक्ष

दोन जुनी प्रकरणं इथे उपयोगी पडतात, कारण "नफा रंगवता येतो, रोख रंगवता येत नाही" हे वाक्य फार ऐकू येतं आणि ते बरोबर नाही.

अमेरिकेच्या वर्ल्डकॉमने दुसऱ्या दूरसंचार कंपन्यांना जोडणीसाठी दिलेलं शुल्क खर्चात न टाकता भांडवली खर्चात टाकलं. २००२ मध्ये हे उघड झालं तेव्हा पहिलीच रक्कम ३.८ अब्ज डॉलर होती. पैसे खरोखर गेले होते, रोखीची अखेरची शिल्लकही बरोबर होती. फक्त बाहेर जाणारा पैसा कामकाजाच्या भागातून गुंतवणुकीच्या भागात हलला, त्यामुळे नफा आणि कामकाजाची रोख दोन्ही एकदम सुधारले. आपल्याकडे हेच तपासायचं तर "विकासाधीन अमूर्त मालमत्ता" आणि "प्रगतीपथावरील भांडवली काम" या दोन टिपा वाचा. पगार, संशोधन, व्याज यातलं किती भांडवली खात्यात गेलं ते तिथे असतं. म्हणूनच कामकाजाच्या रोखीतून भांडवली खर्च वजा केलेला आकडा जास्त भरवशाचा. त्यात पैसा या कप्प्यातून त्या कप्प्यात हलवून काही साधत नाही.

सत्यम या आपल्याकडच्या सॉफ्टवेअर कंपनीचं वेगळं. ७ जानेवारी २००९ च्या पत्रात तिचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी कबूल केलं की पुस्तकात दाखवलेल्या ५,३६१ कोटींच्या रोख आणि बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. अखेरची शिल्लकच खोटी असल्यावर वरचा मेळ कितीही नीट बसला तरी उपयोग नाही. त्याच पत्रात ३७६ कोटींचं जमा व्याजही खोटं असल्याचं होतं.

म्हणून मी व्याजाचं उत्पन्न आणि ठेवी यांचा मेळ नेहमी घालतो, आणि ताळेबंद_वाचक, तुमच्या कंपनीत तो बसत नाही. सत्यमसारखं नाही, उलट बाजूने. रोख ५ वरून ७, आणि व्याज मिळालं ३ कोटी. ७ टक्के दर धरला तर ३ कोटींसाठी जवळपास ४३ कोटींची ठेव हवी. ती कुठे आहे? "इतर बँक शिल्लक" (तीन महिन्यांवरच्या मुदतठेवी, पतपत्रासाठी, म्हणजे पुरवठादाराला दिलेल्या बँकेच्या हमीसाठी, अडकवलेल्या ठेवी) आणि "दिलेली कर्जे" या दोन टिपा बघा. बँकेला वर्षाला १० कोटी व्याज भरणाऱ्या कंपनीकडे ४० कोटींची ठेव मोकळी पडलेली असण्याचं कारण दिसत नाही.

ताळेबंद_वाचक

सापडलं. इतर बँक शिल्लक ७ कोटी, पतपत्राच्या हमीसाठी. आणि "दिलेली कर्जे" मध्ये २८ कोटी, समूहातल्याच एका खासगी कंपनीला, ९ टक्के व्याजाने. दोन्ही वर्षी रक्कम तीच आहे. संबंधित पक्षांच्या टिपेतही हे आलं आहे. २८ वर ९ टक्के म्हणजे अडीच कोटी आणि ७ वर ७ टक्के म्हणजे अर्धा कोटी, मिळून ३. हिशेब बसतो. साच्यांच्या विक्रीची वेगळी ओळ मात्र महसुलाच्या टिपेत कुठेच नाही. बदली भागांचा वाटा विक्रीच्या ३५ टक्के.

लेखापरीक्षण_कक्ष

व्याजाचं उत्पन्न ३ आणि मिळालेलं व्याजही ३, म्हणजे व्याज प्रत्यक्ष येतं आहे. कर्जाची रक्कम वाढलेली नाही, तेव्हा व्याजच कर्जात मिळवून "मिळालं" म्हणण्याचा प्रकारही दिसत नाही. कंपनी कायद्याच्या कलम १८६ प्रमाणे दर त्याच मुदतीच्या सरकारी रोख्याच्या परताव्यापेक्षा कमी नसावा. ९ टक्के त्यात बसतो. त्या खासगी कंपनीत संचालकांचा हितसंबंध असेल तर कलम १८५ प्रमाणे विशेष ठराव लागतो. सर्वसाधारण सभेच्या सूचनेत तो शोधा आणि कर्जाचा उद्देश काय लिहिला आहे ते वाचा.

पण कंपनीने यंदा २२ कोटी अल्प मुदतीचं कर्ज घेतलं आणि २८ कोटी समूहात अडकून आहेत. ते परत मागवले असते तर हे कर्ज घ्यावंच लागलं नसतं.

खतावणी

साच्यांची ओळ नाही आणि बदली भाग ३५ टक्के, मग मार्चची विक्री वितरकांकडे गेली असण्याची शक्यता माझ्या मते जास्त. आता सप्टेंबर २०२५ ची सहामाही आकडेवारी उघडा. त्यात तीन ठिकाणी बघा: येणी १३७ वरून किती उतरली (विक्री तिमाहीला १०४ च्या घरात असेल तर ८० दिवसांच्या हिशेबाने ती ९२-९५ वर यायला हवीत), तयार माल २७ वरून उतरला का, आणि अल्प मुदतीचं कर्ज फिटलं का. येणी उतरली पण विक्रीही आकसली असेल, तर वितरकांनी माल परत केला का ते बघा: "विक्री परतीची तरतूद" असा शब्द टिपांत येतो. येणी ११५ च्या वर राहिली, तर त्या ११ कोटींच्या जुन्या येण्यांसकट सगळ्यावर पुरेशी तरतूद करावी लागेल. आणि ती तरतूद २०२५-२६ च्या नफ्यातून जाईल.